अनुभव धागा : इंदिराबाई गेल्या तेव्हा तुमच्या मोहल्ल्यात काय झालं होतं?

३१ ऑक्टोबर १९८४ ला दिल्लीत काय झालं ते आता सगळ्यांना पाठ आहे. सकाळी सव्वानऊच्या पुढे सफदरजंग रोडच्या बंगल्यात गोळ्या, एम्सला धावपळ, बीबीसीनं आधी सांगितलं अन आकाशवाणीनं संध्याकाळपर्यंत लांबवलं, राजीव बंगालमधून परतले आणि त्याच संध्याकाळी शपथ. हे कुठंही वाचायला मिळते. नागपूरचं मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही. आणि ज्यांना आठवते ते आता साठीच्या आसपास आले, म्हणून हा धागा. महाल, इतवारी, जरीपटका, अजनी, इंदोरा, जिथं असाल तिथलं लिहा. ९१ चं लिहिलं तरी चालेल, घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं ४८ चं असेल तर तेही, फक्त ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. पक्षाची भांडणं दुसरीकडे न्या, इथं नको.

सुरुवात मीच करतो. आम्ही धंतोलीत एका वाड्यात भाड्यानं राहायचो. दिवाळी होऊन आठवडा झालेला, शाळेला सुट्ट्या, अंगणात किल्ला अजून तसाच. वाड्यात टीव्ही एकच, घरमालकीणबाईंकडे, त्यांना सगळे मोठ्या आई म्हणायचे. एरवी त्या पोट्ट्यांना पायरीच्या वर येऊ देत नसत, पण त्या संध्याकाळी सलमा सुलतानची बातमी झाली आणि त्यांनी दार उघडंच टाकलं, या म्हणे सगळे. पुढचे दिवस वाडाच्या वाडा त्यांच्या बैठकीत बसून तीन मूर्ती भवन पाहून राहिला होता, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, ती लांबच लांब रांग, मागे रडक्या सुरात सारंगी आणि मधूनच ते खून का बदला खूनवाले नारे, ते आम्हा पोरांना तेव्हा काही कळत नव्हते. मुद्दा वेगळाच आहे. दिवाळीचा चिवडा-शंकरपाळे डब्यात होते आणि माझ्या लहान भावानं शंकरपाळं काढून तोंडात टाकलं तर मोठ्या आईनं टीव्हीकडे बोट दाखवून झापलं, मयत समोर ठेवलंय अन तू खातोस काय रे! त्यांच्या दृष्टीनं ते मयत त्यांच्याच घरात होतं. ३ नोव्हेंबरला अग्नी दिला ते दाखवलं आणि त्या उठल्या, टीव्ही बंद केला, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावरून आंघोळ करायला लावली, सुतकाची करतात तशी. नळ गेलेला, विहिरीवरून बादल्या काढल्या. माझे बाबा इंदिरा गांधींचे कट्टर विरोधक, आणीबाणीवरून तासतास बोलायचे. तेही गुपचूप आंघोळ करून आले.

आता तुम्ही लिहा.

गोळीबार चौक

भाऊ, तुमच्याकडं टीव्ही होता, आमच्याकडं माग होते. आम्ही कोष्टी. आमच्या मोहल्ल्यात सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट, खटखट, झोपेतपण तोच आवाज, तो कधी थांबला तर आम्ही दचकून उठायचो. त्या दिवशी दुपारीच एकेका घरातला माग बंद पडत गेला. कोणी सांगितलं, कुठून कळलं, माहीत नाही, आकाशवाणीवर तर अजून काहीच नव्हतं. माझी माय बाहेर आली आणि म्हणे काहून बंद करून राहिले रे सगळे. शेजारची म्हातारी ओट्यावर बसून छाती पिटून रडत होती, बाई गेली वो, आपली बाई गेली.

ह्या म्हातारीचं सांगतो. तिला कोणी नव्हतं, नवरा जाऊन वर्षं झालेली. तिला निराधार योजनेचे पैसे लागले होते, ती योजना १९८० मध्ये राज्य सरकारनं सुरू केलेली, नाव संजय गांधींचं. पण तिला कोण समजावणार, पोस्टमन पैसे घेऊन आला की ती म्हणायची इंदिराबाईनं धाडले. तिचं खरंच घरचं माणूस गेलं होतं.

आमच्या काकाजीनं अन चौकातल्या आणखी काही जणांनी मुंडण केलं. चौकात स्टूल, स्टुलावर फोटो, फोटोला हार, न्हावी तिथंच बसवला. पुढं तेरवीपण केली चौकात, वर्गणी काढून, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी अन बुंदी. कोणी पुढारी आला नव्हता. मोहल्ल्यानं स्वतःहून केली.

बर्डीवरचा

गोळीबार चौकवाले भाऊ, तुमच्या म्हातारीबद्दल काहीच म्हणणं नाही. पण सगळं शहर रडून राहिलं होतं हे मला पटत नाही. आमचं बर्डीवर चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायची वेळ, कढईत दूध आटत होतं, सामोसे तळून निघालेले. पोट्ट्यांचं टोळकं सायकलींवर आलं, बंद कर बे, दिसत नाही काय, कोण गेलं माहीत आहे काय. बाबा म्हणाले करतो ना भाऊ, एवढा घाणा उतरवू द्या. तेवढ्यात एकानं बरणी उचलून रस्त्यावर आपटली. त्यातल्या अर्ध्या पोरांना बाबा ओळखत होते, रोज उधारीवर चहा प्यायचे. दुःख आणि दहशत दोन्ही एकाच सायकलवर डबलसीट आली होती, एवढंच म्हणतो. बाबांना स्वतःला वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं, पण त्यांना ते वाटून घ्यायला त्या पोट्ट्यांनी वेळच दिला नाही. ते दूध नंतर मागच्या गल्लीत वाटलं.

गोळीबार चौक

हाव, बरोबर आहे तुमचं. बर्डीवर दुकानं होती, तिथं बंद करवायला लोक येतात. आमच्याकडं बंद करायला होतंच काय.

मॅचवाला

माझं छोटंसं. त्या दिवशी सियालकोटला भारत-पाकिस्तान वनडे होती, कोणाला आठवते काय? आमच्या गल्लीत सकाळपासून त्याचीच चर्चा, वेंगसरकर ९४ नाबाद, आपल्या २१० धावा, आता त्यांची बॅटिंग पाहू म्हणून राहिलो होतो तर मॅचच सोडून दिली. आम्हा पोरांचं म्हणणं की हरायला लागले म्हणून पाकिस्ताननं पळ काढला. मग मोठा भाऊ घरातून आला आणि त्यानं सांगितलं. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे पहिला प्रश्न आमच्यातल्या एकानं हाच विचारला की मग वेंगसरकरची सेंचुरी धरतील का. दौराच रद्द झाला पुढं.

संत्रा मार्केट

आमची आडत होती, स्टेशनच्या बाजूला, आजोबांपासूनची. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराचा माल जोरात. काटोल, नरखेड, वरूडकडून बैलगाड्या, मेटॅडोर, ट्रक, पहाटेपासून हर्रास. लाकडी पेट्या, आत तणस, वरून खिळे, आणि गाड्या दिल्लीकडे, आझादपूर मंडीला. अन त्या गाड्यांवर ड्रायव्हर कोण? बहुतेक सरदार. त्या काळी लांबच्या रूटवर सरदार ड्रायव्हरशिवाय पान हलत नसे.

३१ तारखेला आमच्या दोन गाड्या भरून तयार, ताडपत्री बांधलेली, बिल्टी फाडलेली. ड्रायव्हर रात्री निघणार होते. संध्याकाळी रेडिओवर आलं की मारणारे अंगरक्षक होते, आणि अंगरक्षक शीख होते हे तर त्याआधीच तोंडोतोंडी झालेलं. त्यातला वयस्कर ड्रायव्हर, माझे बाबा त्याला उस्ताद म्हणायचे, तो ट्रकमधून उतरला, किल्ली बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला बाबूजी अब ये गाडी नहीं जाएगी. बाबांनी दोघा ड्रायव्हरांना आणि क्लीनर पोराला गोदामात ठेवलं, पेट्यांच्या थप्प्यांच्या मागे जागा केली, तणसावर चादर टाकून. आमच्या घरून डबा जायचा. मी डबा घेऊन जायचो, क्लीनर पोरगा माझ्याच वयाचा होता, तो दिवसभर रिकाम्या पेट्यांना खिळे ठोकत बसायचा, सांगितलं नव्हतं कोणी. उस्तादला भटिंड्याजवळच्या गावी ट्रंक कॉल लावून पाहिला, लागलाच नाही. दिल्लीहून जीटी, दक्षिण एक्सप्रेस या गाड्या उशिरा येत होत्या, त्यातून उतरलेले लोक काय काय सांगत होते, ते बाबा गोदामात सांगायचे नाहीत. पण उस्तादला कळलं होतंच.

माल अर्धा सडला. उरलेला इथंच मातीमोल भावानं शेकड्यावर काढला. शेतकऱ्याला काय सांगणार होते बाबा, की दिल्लीत माणसं जाळून राहिले म्हणून तुझ्या संत्र्याला भाव नाही? एका शेतकऱ्यानं मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाला, माल गेला तं जाऊ द्या शेठ, माणसं ठेवली ना. दुसऱ्यानं भांडण करून आडत बदलली. दोन्ही खरं आहे.

कमाल चौकाच्या पुढचा सरदार

संत्रा मार्केटवाले दादा, हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवून दिला होता, आता लिहितो.

मी सरदार. जन्म नागपूरचा, शाळा मराठी, भाषण स्पर्धेत शिवाजी महाराजांवर बोलून बक्षीस घेतलेलं. पापाजींचं कामठी रोडवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. तर आमच्याकडं त्या दिवसांत जे झालं ते म्हणजे, काहीच झालं नाही. दिल्लीसारखं काही झालं नाही, आणि हे मी आधी सांगतो कारण लोकांना वाटते आता हा काहीतरी भयंकर सांगेल. दुकानावर दगड पडले, बोर्ड फुटला, एवढंच. पण काही झालं नाही हे आज माहीत आहे. तेव्हा रात्री झोपताना कुठं माहीत होतं.

शेजारी सिंधी कुटुंब होतं, फाळणीत सख्खरहून आलेलं. त्यांची आजी पहिल्याच रात्री आली आणि बीजीला म्हणाली, एक पिशवी भरून ठेव, दागिने, कागद, पोरांचे स्वेटर. बीजी म्हणाली इथं काय होणार आहे, आपलं नागपूर आहे. ती म्हणाली आम्हीपण हेच म्हणत होतो. पिशवी भरली. ती दाराच्या मागे खूप दिवस तशीच होती, मला स्वेटर पाहिजे होतं तरी काढू देत नव्हते.

आता हसण्याची गोष्ट. माझा चुलतभाऊ कॉलेजात होता, त्याला इंदूरला परीक्षेसाठी जायचं होतं रेल्वेनं. घरात खूप रडारड होऊन शेवटी ठरलं की केस कापायचे. दादाजी उठून दुसऱ्या खोलीत गेले. भाऊ टोपी घालून मागच्या गल्लीतून निघाला, एक न्हावी बंद, दुसरा बंद, तिसरा बंद. सगळं नागपूर दुखवट्यात बंद! बाईच्या दुखवट्यानं त्याचे केस वाचले. दुकानं उघडली तोपर्यंत त्याचं मन बदललं होतं आणि परीक्षापण पुढं गेली. आज तो आजोबा झालाय, केस पांढरे पण आहेत पूर्ण. गोळीबार चौकवाले भाऊ, तुमच्याकडं न्हावी चौकात बसला होता हे तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं!

गुरुनानक जयंती त्या वर्षी ८ नोव्हेंबरला होती. आमच्या गल्लीतली प्रभातफेरी निघाली नाही. दादाजी पहाटे उठून घरातच शबद म्हणायचे, खिडक्या लावून. आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही ती सांगतो, बीजी इंदिरा गांधींसाठी रडली होती. जूनमध्ये दरबार साहिबवर, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरावर, फौज गेली तेव्हाही रडली होती. दोन्ही वेळा खरंच.

गोळीबार चौक

भाऊ, न्हावी पाठवला नसता आम्ही. 🙏

नंदनवनची ताई

मी ९१ चं लिहिते. त्या वर्षी अधिक वैशाख आला होता, त्यामुळे सगळी लग्नं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोंबलेली. माझ्या ताईचं लग्न २२ मेला होतं. नागपूरचा मे माहीतच आहे, २१ च्या रात्री सगळे पाहुणे गच्चीवर, पाणी मारून गाद्या टाकलेल्या, मामा लोकांचे पत्ते चाललेले. श्रीपेरुंबुदूरला रात्री दहा-सव्वादहानंतर स्फोट झाला. आमच्याकडं मध्यरात्रीनंतर दोन घरं सोडून एका गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, राजीव गांधींना उडवलं. आधी कोणाचा विश्वासच नाही. मग एका गच्चीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, अंधारात नुसते आवाज, कोणी विचारून राहिलं कुठं, कोणी म्हणे कोणी मारलं, लोक गाद्यांवर उठून बसलेले. ट्रान्झिस्टर लावले पण खरखरच जास्त. बाबा मात्र एकच वाक्य बोलले, वऱ्हाड येईल काय?

वऱ्हाड अमरावतीचं. एसटीचा भरवसा नव्हता, ते शेवटी मेटॅडोर करून आले, दुपारची वेळ टळून गेल्यावर, उन्हानं लाल झालेले. बँडवाल्यांनी सकाळीच येऊन बयाणा परत केला, तेही त्यांचं चांगुलपण म्हणायचं. मंगलाष्टकं माईकशिवाय झाली, मागच्यांना काही ऐकू गेलं नाही, अक्षता वेळेच्या आधीच पडून गेल्या. पंगतीत गोड वाढायचं की नाही यावर मोठ्या लोकांची बैठक! एक काकाजी म्हणाले देशात एवढं झालं अन आपण जिलेबी खायची? माझ्या आत्यानं सांगितलं, पोरीच्या ताटात गोड पडलंच पाहिजे, बाकीच्यांनी खायचं तर खा नाही तर नका खाऊ. बाकीच्यांनी खाल्ली. अल्बम पाहा ताईचा, नवऱ्या मुलाचे मामा पार्टीचे कार्यकर्ते होते, प्रत्येक फोटोत सफारीवर काळी फीत लावून उभे आहेत आणि हात आशीर्वादाला वर.

महाल, जुना वाडा

ऐकीव आहे, आजीकडून. १९४८. तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. ३० जानेवारी, शुक्रवार. गांधीजी गेल्याचं रेडिओवर आलं आणि पाठोपाठ मारणाऱ्याचं नाव. आजी सांगायची की नाव ऐकलं आणि आजोबांनी आधी पुढच्या दाराला अडसर घातला, मग ते रडायला बसले. ह्याच क्रमानं. आजोबांचा संघाशी काही संबंध नव्हता, खादी वापरायचे, पण आडनाव ब्राह्मणी आणि पत्ता महालातला. दगड आले, खिडक्या गेल्या, बाहेरची बैलगाडी पेटवली. मागच्या दारानं शेजारच्या कुणबी कुटुंबानं बायकापोरांना आपल्याकडं नेलं, आजीच्या कपाळाचं कुंकू तसंच ठेवून नऊवारी बदलायला लावली, त्यांच्या पद्धतीची नेसवली. १ फेब्रुवारीला गोळवलकर गुरुजींना नागपुरातच अटक झाली, ४ ला संघावर बंदी आली, पोलिसांचा बंदोबस्त वाढला आणि मग मोहल्ला निवला.

आजोबांना आयुष्यभर ह्याची खंत होती की गांधीजींसाठी म्हणून बाहेर चार लोकांत उभं राहून रडता आलं नाही. घरावर दगड मारणारे बापू अमर रहे म्हणून राहिले होते आणि आत बसलेला माणूसही मनात तेच म्हणून राहिला होता.

वर्धेकर

महालवाले, तुमच्याच काळातलं दुसरं टोक. माझे आजोबा सेवाग्रामच्या बाजूच्या खेड्यातले. १२ फेब्रुवारी १९४८ ला पवनारला धाम नदीत अस्थी विसर्जन झालं त्याला गेले होते, पायी. दगड नाही, नारे नाही. ते सांगायचे, परत येताना कोणी कोणाशी बोललं नाही आणि वाटेत एका शेतात तुरी कापत होते त्यांनी काम थांबवून सगळ्यांना पाणी पाजलं. १२ फेब्रुवारीला पवनारला अजून मेळा भरतो, या कधी.

इंदोरा

सगळं वाचलं. आमच्या घरी दुखवटा म्हटलं की ६ डिसेंबर १९५६. दीक्षाभूमीला दोन महिनेही झाले नव्हते. पण ती हत्या नव्हती, विषय वेगळा, त्यावर इथं लिहीत नाही. कोणी वेगळा धागा काढला तर माझ्याकडं आबाजींचं सांगितलेलं खूप आहे. ८४ ला आमच्याकडंही चूल उशिरा पेटली होती एवढं नोंदवतो.

रामटेकवाला

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून. दिल्लीत ते सगळं झालं तेव्हा देशाचे गृहमंत्री नरसिंहराव होते, आणि त्याच डिसेंबरात ते आमच्या रामटेकहून लोकसभेला उभे राहिले. तिकडं हनमकोंड्याला पडले, आमच्याकडं निवडून आले. मी तेव्हा पहिल्यांदाच एवढा मोठा माणूस जवळून पाहिला. मराठी चांगलं बोलायचे, अगदी शुद्ध, आम्हालाच लाज वाटावी असं. गावातल्या सभेत बाईचा मोठा फोटो लावलेला, म्हातारे लोक आधी फोटोला हात जोडायचे मग खाली बसायचे. लोकांनी विहिरीचं विचारलं, लाइनीचं विचारलं, रस्त्याचं विचारलं. दिल्लीच्या त्या तीन-चार दिवसांचं कोणी विचारलं नाही, निदान मी होतो त्या सभेत तरी नाही.

कमाल चौकाच्या पुढचा सरदार

आम्हाला विचारायचं होतं दादा. पण आमचं मत पडायचं नागपूर मतदारसंघात.